अध्यक्षांनंतर कुणी बोलायचं नसतं

कार्यक्रमाची बातमी दुसऱ्याच दिवशी स्थानिक पेपरात आली. मथळा होता, ‘आदर्श मातेचा हृद्य सत्कार’. खाली अध्यक्षांचं नाव, मग पाहुण्यांची नावं मानाच्या क्रमाने, मग मंडळाचे पदाधिकारी, आणि मग ‘ओघवते सूत्रसंचालन’ असं म्हणून माझं. ज्या बाईंच्या पुस्तकासाठी हा सगळा घाट घातला होता, त्या ‘यावेळी उपस्थित होत्या’ या ओळीत. पुस्तकाचं नाव कुठेच नव्हतं.

“छान आलंय की तुमचं नाव,” बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली. “या वेळी आडनावपण बरोबर छापलंय.”

मी पेपर उपडा घातला. तिला वाटलं माझं काही दुखतंय. दुखत नव्हतं, संताप आला होता. आणि संताप करावा तर सुरुवात स्वतःपासून करावी लागणार हेही समजत होतं, म्हणून तो नीट बाहेरही पडेना. इथे तो लिहून काढतो आहे.

आमच्या रत्नागिरीत एका ताईंचं पुस्तकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. पुढच्या भागात वह्या, कंपासपेट्या आणि दहावीची गाईडं, कारण दुकान त्यांच्यावर चालतं. आतल्या भागात खरी पुस्तकं. ताईंनी सुताराकडून आतल्या कपाटांना चाकं बसवून घेतली. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी कपाटं भिंतीला सारायची, मधे सतरंजी अंथरायची, लेखकाला स्टुलावर बसवायचं. तो वाचणार, आपण ऐकणार. मग आल्याचा चहा आणि गप्पा. हार नाही, माईक नाही, कुणाचं स्वागत नाही. एखादा शनिवार असा येई की लांबून आलेल्या लेखकासमोर चारच माणसं बसलेली असत. अशा वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होई. ताईंना काही वाटत नसे.

“चार माणसांनी ऐकलं ना, भाऊ? झालं तर.”

मी पाटबंधारे खात्यात नोकरीला आहे, पण गावात मला ओळखतात ते निवेदक म्हणून. नाट्यस्पर्धा, निवृत्तीचे समारंभ, पतपेढीच्या सभा, कुठेही माईक हातात धरायला मला बोलावतात. आवाज बरा आहे आणि कुणाच्या आधी कुणाचं नाव घ्यायचं हे मला पक्कं ठाऊक असतं. रिकामी सतरंजी बघायची सवय मला नाही. म्हणून ताईंच्या मागे मीच लागलो, की या वेळी गावातल्या सांस्कृतिक मंडळाला बरोबर घेऊ. त्यांच्या खुर्च्या, त्यांचा स्पीकर, त्यांची माणसं. व्यासपीठावर पाच जण बसले की त्या पाचांची माणसं समोर आपोआप येतात. हा हिशेब मला कुणी शिकवायला नको होता. आणखी एक गोष्ट होती. मंडळ दरवर्षी कुणा ना कुणाला पुरस्कार देतं आणि यंदा निवेदनासाठी माझं नाव चर्चेत आहे, असं चिटणिसांनी मला दोनदा सांगितलं होतं. हे मी ताईंना सांगितलं नाही.

ताई म्हणाल्या, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पण बाईंचं वाचन नीट होऊ दे.”

बाई म्हणजे हातखंब्याच्या पुढे, हायवे सोडून आत असलेल्या एका गावातल्या निवृत्त अंगणवाडी सेविका. पन्नाशी उलटल्यावर लिहायला लागल्या. नवरे मुंबईला आणि बायका शेतावर, अशा घरांतल्या आठवणींचं पुस्तक त्यांनी लिहिलं, आणि एका छोट्या प्रकाशकाने ते छापलं. मी ते आधी वाचलं होतं. एवढं एक तरी माझ्या बाजूने सांगता येतं.

पुस्तकात एक प्रकरण त्यांच्या आईवर आहे. बाई लहान असताना वडील मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत राहत. एका गावचे पुरुष एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारे. एका वर्षी ते ना गणपतीला आले ना शिमग्याला. तेव्हा आई मुलांना शेजारणीकडे ठेवून, कुणाला काही न सांगता घरातून गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. कुठे गेली होती ते कधीच बोलली नाही. मुलांना वाटलं, आई आपल्याला टाकून चालली होती. बाईंनी तो राग पुढे कित्येक वर्षं मनात ठेवला. वडील थकून गावी आले तेव्हा त्यांच्याकडून कळलं, की ती मुंबईला आली होती, खोलीत बाईमाणसाला टेकायला जागा नव्हती, म्हणून त्यांनीच तिला परतीच्या एसटीत बसवून दिलं. हे कळल्यावरही बाई आईला काही विचारू शकल्या नाहीत. त्यांनी प्रकरण लिहिलं.

कार्यक्रम ठरवायला त्या दुकानात आल्या तेव्हा म्हणाल्या, “मी तेच प्रकरण वाचणार. आईला घेऊन येते.”

“त्यांनी वाचलंय?” मी विचारलं.

“तिला वाचता येत नाही. आणि घरी मी पुस्तक उघडलं की तिला नेमकं काहीतरी काम आठवतं. इथे चारचौघांत उठून कुठे जाईल?” त्या हसल्या. “तिला ठाऊक व्हायला हवं हो, की मला कळलंय. तोंडाने सांगता येत नाही मला. वाचून दाखवता येईल.”

हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. म्हणजे त्या संध्याकाळी काय पणाला लागलं आहे हे मला माहीत नव्हतं, असं मला कुठेच म्हणता येणार नाही.

मी कार्यक्रमाचा क्रम लावला. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, पाहुण्यांची मनोगतं, मग बाईंचं वाचन, शेवटी अध्यक्षीय समारोप आणि आभार.

“वाचन पहिलं ठेवा की,” ताई म्हणाल्या.

“तसं नसतं ताई. वाचन पहिलं ठेवलं तर लोक ऐकून उठून जातील, पाहुण्यांसमोर कोण बसणार?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय बोललो ते मला त्या वेळी कळलं नाही. आज कळतं आणि कानशिलं तापतात.

शनिवारी दुकान ओळखू येईना. कपाटांवर मंडळाचा फलक, त्याच्यामागे कवितांचा अख्खा विभाग झाकलेला. सतरंजीच्या जागी लाल खुर्च्या, आणि खुर्च्या भरलेल्या. मला कोण आनंद झाला! बाई नवं लुगडं नेसलेल्या आईला हाताला धरून आल्या. आई म्हणजे ऐंशीच्या पुढची आजी, काटक, एका कानाने कमी ऐकणारी. मी तिला पहिल्या रांगेत, ऐकू येणारा कान व्यासपीठाकडे होईल अशी बसवली. त्यांची वस्तीची गाडी संध्याकाळची होती. रात्री गावात मुक्काम करणारी ती एकच एसटी, ती चुकली की पुढे काही नाही.

“तेवढं सांभाळा हां,” बाई म्हणाल्या.

“काळजीच करू नका,” मी म्हटलं.

समई विझू नये म्हणून पंखे बंद केले. एवढ्या कागदात पेटती समई ठेवलेली बघून ताई पाण्याची बादली घेऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मग सत्कार. अध्यक्षांचा, पाहुण्यांचा, अध्यक्षांनी पाहुण्यांचा केल्यावर पाहुण्यांनी अध्यक्षांचा, ज्यांनी खुर्च्या दिल्या त्यांचा, स्पीकरवाल्याचा, आणि आयत्या वेळी समोर दिसले म्हणून एका माजी नगरसेवकांचा. प्रत्येकाला शाल आणि नारळ. रत्नागिरीत! ज्याच्या परसात माड नाही असा एकही माणूस त्या व्यासपीठावर नव्हता. प्रत्येक जण नारळ घेऊन, कॅमेऱ्याकडे बघून, तो खुर्चीखाली ठेवत होता, आणि जमीन उताराची असल्यामुळे ते नारळ हळूहळू गाईडांकडे चालले होते. माझ्या मागे दोघं जण बोलत होते.

“यंदा मोहोर कसा काय?”

“गळला रे अर्धा. आणि हे कधी संपणार?”

“वडे आहेत म्हणतात शेवटी.”

तेवढ्यात चिटणीस माझ्या कानाशी आले. “मातेचा सत्कार घ्या. फोटो चांगला येईल.”

मी माईकवर आवाज चढवला. “आणि आता, ज्या माउलीने...” पुढे मी काय काय म्हणालो ते लिहायची मला लाज वाटते. आजीला दोघांनी धरून वर आणलं. “आवो, मी काय केलं?” ती विचारत होती. उत्तरादाखल तिला शाल घातली. मोबाइलवाल्याचा फोटो हलला म्हणून काढून परत घातली. मग अध्यक्ष फोटोत नीट येईनात म्हणून तिसऱ्यांदा. पुढे कडेला पाहुण्यांसाठी एक खुर्ची जास्तीची होती, तिच्यात आजीला बसवून टाकलं. आता तिचा चांगला कान भिंतीकडे होता.

मनोगतं सुरू झाली. पहिले पाहुणे म्हणाले, पुस्तक वाचायला सवड मिळाली नाही पण मुखपृष्ठ बोलकं आहे. दुसऱ्यांनी आपल्या स्वतःच्या कविता म्हटल्या. तिसऱ्यांनी आजीकडे हात करून सांगितलं, की या मातेने पती परगावी असताना हसतमुखाने, एका शब्दाने तक्रार न करता संसार केला. टाळ्या झाल्या. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं आणि त्या वक्त्याकडे अशा बघत होत्या, जसं आपण आपल्या घरात शिरून भांडी हलवणाऱ्या परक्या माणसाकडे बघू. तक्रार न करता! ज्या बाईने पोरं शेजारी टाकून मुंबई गाठली, तिच्या तोंडावर! पुस्तकातलं एक पान उघडलं असतं तरी हे वाक्य त्या गृहस्थांच्या तोंडून निघालं नसतं. आणि मी पुस्तक वाचलेला माणूस तिथेच उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

आता बाईंचं वाचन. मी माईक तोंडाशी नेला तोच अध्यक्षांनी खुणेने बोलावलं.

“मला गणपतीपुळ्याला एका लग्नाला पोचायचंय. मी आधी बोलून घेतो.”

“साहेब, त्यांचं वाचन...”

“होऊ दे की नंतर. मी काय जास्त वेळ घेणार नाही.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सभांना जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक असते. अध्यक्ष शेवटी बोलतात आणि आभार सोडले तर अध्यक्षांनंतर कुणी बोलत नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची कुणाची छाती नसते. अध्यक्ष बोलले की सभा संपली. त्यांना आधी बोलू देणं म्हणजे काय, हे त्या दुकानात माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. आणि मी म्हणालो, “या साहेब.”

ते पुष्कळ बोलले. वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे आणि तरुण पिढी वाचत नाही, असं त्यांनी बऱ्याच तऱ्हांनी सांगितलं. बोलणं संपताच माणसं उठलीच. खुर्च्या सरकल्या. चिटणिसांनी माझ्या हातातून माईक घेऊन आभार सुरू केले. बाई पुढे आल्या.

“मी वाचू ना?”

चिटणीस माईक बाजूला धरून म्हणाले, “अहो बाई, अध्यक्षांनंतर कुणी बोलायचं नसतं. बरं दिसत नाही ते.” आणि माझ्याकडे वळून, “काय हो, खरं ना?”

मी मान हलवली. होय अशी.

“आणि लोक पुस्तक नेऊन वाचतीलच की,” चिटणीस म्हणाले. “वडे गरम आहेत तोवर घ्या.”

तेवढं भांडण बाईंच्या अंगात नव्हतं, किंवा असेलही, पण पाहुणी म्हणून आलेली बाई दुसऱ्याच्या दुकानात भांडत नाही. त्या बाजूला झाल्या. वड्यांभोवती गर्दी झाली. एकही पुस्तक कुणी उघडून बघत नव्हतं. तेलकट बोटं पानांना लागली नाहीत, निदान तेवढं तरी बरं झालं.

मंडळाची पोरं खुर्च्या रचायला लागली. टेम्पो बाहेर उभा होता. सगळ्या खुर्च्या उचलल्या, एकच राहिली. त्या खुर्चीत अंगावर शाल, मांडीवर नारळ अशी आजी बसून होती. आपली मुलगी अजून वाचायची आहे, एवढंच तिला माहीत होतं. एकाने खुर्चीच्या पाठीला हात घातला.

“उठा आजी. खुर्ची पाहिजे.”

“बाय वाचनार हाय ना? कवा वाचतंय ती?”

“संपला कार्यक्रम. उठा, टेम्पोवाला खोळंबलाय.”

मी आयुष्यात कधी सार्वजनिक ठिकाणी ओरडलेलो नाही. माझा आवाज कमावलेला आहे, तो ओरडायचा नाही. त्या दिवशी फुटला. “सोड ती खुर्ची!” मी म्हणालो. “टेम्पो गेला खड्ड्यात! ती जागची हलली तर बघ!”

चिटणीस अर्धा वडा हातात धरून आले. “अहो, असं काय करता? एक खुर्ची...”

“तुमचा कार्यक्रम झाला ना? अध्यक्ष गेले ना?” मी म्हणालो. “मग आता सभा नाही. आता हे दुकान आहे. त्या वाचणार.”

“पण प्रथा म्हणून...”

कोपऱ्यातून ताई बादली घेऊन पुढे आल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. “माझ्या दुकानात काय प्रथा आहे ते मी सांगते. इथे लेखक वाचतो. ज्यांना ऐकायचंय त्यांनी बसा. ज्यांना खुर्च्या न्यायच्यात त्यांनी ही एक सोडून न्या.” आणि बादली खाली ठेवून त्यांनी मंडळाचा फलक दोन्ही हातांनी ओढून खाली काढला.

“बघून घेऊ तुमच्या पुरस्काराचं,” चिटणीस जाता जाता मला म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले ते बरंच झालं. ताईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

सतरंजी अंथरली. थांबले किती, तर नेहमी येतात तेवढेच, आणि टेम्पोचा ड्रायव्हर. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. मी आजीची खुर्ची फिरवून तिचा चांगला कान स्टुलाकडे केला. गाडीला फार अवकाश नव्हता. मी बाईंना म्हटलं, “गाडी चुकली तरी चुकू दे. माझी कार आहे, घरापर्यंत सोडतो. तुम्ही वाचा.”

त्यांनी वाचायला घेतलं. शेजारणीची ओटी, दारात बसून रात्री काढलेली पोरं, तिसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर नीट करत पाणंदीने येणारी आई. आजी खाली मान घालून नारळाची शेंडी सोलत होती. ऐकते आहे की नाही ते समजेना. बाई वडिलांच्या आठवणीपाशी आल्या. खोलीत जागा नव्हती, आणि वडिलांनी तिला परत एसटीत बसवून दिलं...

“नाय,” आजी म्हणाली.

बाई थांबल्या.

“त्यांनी नाय बसवलं.” आजी नारळाशीच बोलत होती. “ते कामावर व्हते. मी दारातनं खोली बघितली. पुरुष झोपलेले. मी कुनाला हाक नाय मारली. मागल्या पावली फिरलंय.”

“म्हणजे बाबा भेटलेच नाहीत तुला?”

“नाय गो.”

“पण ते म्हणाले...”

“ते काय म्हनाले ते मला काय ठाऊक? त्यांना गाववाल्यांनी सांगितलान असल. मी त्यांच्याशी कधी बोलली नाय त्यावर.”

बाईंनी पुस्तकाकडे बघितलं. छापून झालेल्या पानाकडे. “आये, मग हे सगळं मी...”

“आसूंदे. बरं लिवलंस.” आजीने मान वर केली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. मी तर पुढे वाकलो होतो. कुणाला न भेटता ती परत का आली, रात्र तिने कुठे काढली, आणि तिचा नवरा मुलीशी खोटं का बोलला, हे सगळं आता ती सांगणार असं वाटत होतं. तिने तोंड उघडलं, आमच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि ती उठली.

“चल बाय. गाडी जाईल.”

“आजी, मी सोडतो ना कारने,” मी म्हटलं. “अगदी दारापर्यंत. तुम्ही बसा निवांत.”

“नको ओ. यष्टीच बरी.” मग मला वाईट वाटेल म्हणून की काय, तिने माझ्या दंडावर हात ठेवला. “मला हिच्याशी बोलायचा हाय. तुमच्या गाडीत तुमी असनार.”

मी त्यांना स्टँडपर्यंत तेवढं सोडलं. वाटेत मी काही विचारलं नाही. पुरे झाली आपली वाणी, एवढी अक्कल तोवर मला आली होती. फलाटावर गाडी लागलेली होती. त्या चढल्या आणि मागच्या बाजूच्या सीटवर बसल्या. मी निघून जायला हवं होतं, पण खाली उभा राहिलो. काचेतून दिसत होतं, गाडी सुटायच्या आधीच आजी बोलायला लागली होती. इंजिन सुरू होतं, एक शब्द माझ्यापर्यंत येत नव्हता. बाईंनी कान तिच्या तोंडाजवळ नेला होता. मधेच त्यांनी काहीतरी विचारलं, तर आजीने त्यांच्या मांडीवर चापट मारली आणि पुढे सांगू लागली.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी मागे आली, वळली आणि साळवी स्टॉपच्या रस्त्याला लागली.